लाल फडक्यातलं पुस्तक

सात रस्ता, सोलापूर
९ जानेवारी १९७७

वच्छे,

आशीर्वाद घे आणि आधी बोलणी खा. दिवाळीत तुझं कार्ड आलं, 'अक्का, पुन्हा वाचावंसं वाटतं, पण काय वाचू ते कळत नाही, आणि करमाळ्यात विचारू कुणाला?' आमच्याकडे शाळेला होतीस तेव्हा चुलीपुढे पुस्तक धरून भाकऱ्या करपवायचीस आणि आईची बोलणी मी खायची. लग्न झालं, आणि तीच मुलगी आता मला विचारते काय वाचू!

तर ऐक. मावसबहीण म्हणून नाही, महिला वाचनालयाची ग्रंथपालबाई म्हणून सांगते. महिन्याला एक पुस्तक, म्हणजे वर्षाची बारा. त्याच्या वर उडी मारू नकोस, खाली उतरू नकोस. पुस्तक हातात आलं की पहिली दहा पानं वाचायची. तेवढ्यात जीव रमला तर पुढे जायचं, नाही तर परत करायचं. मुखपृष्ठावरच्या बाईच्या डोळ्यांना भुलायचं नाही. कोण काय म्हणतं तेही ऐकायचं नाही, फक्त माझं ऐकायचं. आणि न आवडलेलं पुस्तक मधेच सोडायला लाजायचं नाही. आपल्याकडे बायकांना ताटातलंसुद्धा टाकायची चोरी, म्हणून पुस्तकही नको असताना गिळत बसतात.

हसशील, पण मी हे फार गंभीरपणे सांगते आहे. मी पांढऱ्या कपाळानं माहेरी आले तेव्हा आईनं मला देवाला लावलं आणि बाबांनी कामाला. दोन्हींनी दिवस गेला, संध्याकाळ जाईना. ती पुस्तकांनी घालवली. म्हणून तुला सांगते, सवय आत्ताच लाव, गरज पडेल तेव्हा हाताशी असेल.

पहिलं पुस्तक तेच काढलंय जे मला स्वतःला सोडवलं नव्हतं. सर्कशीच्या एका तंबूची आणि त्यातल्या हत्तिणीची कादंबरी आहे, दोन भागांची. जुनी आहे, आता छापत नाहीत. पहिला भाग पाठवते. कागद मिळाला नाही म्हणून आईच्या जुन्या लुगड्याच्या लाल फडक्यात बांधलाय. करमाळा गाडीचे कंडक्टर वीरभद्रप्पा आपल्या ओळखीचे आहेत, ते स्टँडवर तुझ्या हातात देतील. अभिप्राय कळव. धोंडीरामना नमस्कार.

तुझी सोजराक्का

*

करमाळा
२ फेब्रुवारी १९७७

ती. सोजराक्कास वच्छलाचा नमस्कार.

पुस्तक पोचलं. पोचलं म्हणजे काय झालं ते लिहिते, रागावू नकोस.

मी विहिरीवर होते. वीरभद्रप्पांनी पुस्तक घरी आणून सासूबाईंच्या हातात दिलं. लाल फडक्यात बांधलेलं, चांगलं जाडजूड. आत्यांना वाटलं माहेरहून पोथी आली. मी परत येईतो त्यांनी पाट मांडून, वर अक्षता टाकून, हळद-कुंकू वाहून, दोन शेवंतीची फुलं ठेवली होती. मी सांगायला गेले की ही गोष्टींची चोपडी आहे, तर म्हणाल्या, 'आसंल की. पण आता पाटावर बसली न्हवं? मग वाचाया पायजे. आन एकदा बसली की मधनं उठवायची न्हाय.' त्यांच्या माहेरी पोथी अर्धवट राहिली त्या साली बैल गेला म्हणे.

आता खरी गोष्ट. ह्यांची तब्येत बरी नाही. दसऱ्यापासून खोकला आहे, संध्याकाळी अंग तापतं, आडतीतली पोती उचलवत नाहीत. दोन वर्षांपूर्वी असंच झालं होतं, तेव्हा सरकारी दवाखान्यात सुया चालू केल्या. थोडं बरं वाटल्यावर ह्यांनी मधेच सोडून दिल्या आणि हमालीला लागले. आता डॉक्टरांनी पुन्हा सुरुवातीपासून लावल्यात. सोमवारी आणि गुरुवारी सुई, आणि रोज गोळ्या, आणि हे सगळं वर्षभर. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, 'ह्या खेपेला मधे सोडलं तर मग माझ्याकडं आणू नका.' आणि हे दुसऱ्याच आठवड्यात दवाखान्याच्या वाटेनं जाऊन चहा पिऊन परत आले.

तेव्हा मला सुचलं. सोमवारी संध्याकाळी मी पाटापुढे बसून पहिलं प्रकरण मोठ्यानं वाचलं. आत्या होत्या, हेही भिंतीला टेकून ऐकत होते. हत्तीण तंबूचा खांब एकटी उभा करते तिथं हे उठून बसले. प्रकरण संपलं तसं मी फडकं बांधलं आणि म्हणाले, पुढचं गुरुवारी, सुई घेऊन आलात तर. 'आन न्हाय घिऊन आलो तर?' 'तर पोथी मधेच राहील, आत्यांना काय सांगायचं ते तुम्ही सांगा.' गुरुवारी दंड चोळत आले.

तर अक्का, तुझी बारा पुस्तकं माझ्याच्यानं होणार नाहीत. मला वर्षाला एकच पुरे, पण ते वर्षभर पुरायला हवं. दुसरा भाग केवढा जाड आहे गं?

तुझी वच्छला

*

सोलापूर
२० फेब्रुवारी १९७७

वच्छे,

कपाळाला हात लावला मी. वाचनालयाच्या पुस्तकाला हळद-कुंकू! आमच्या समितीच्या अध्यक्षीणबाई पानाचा कोपरा दुमडला तरी नाव पुकारतात. डाग पडला असेल तर खडूची भुकटी टाकून ठेव.

आणि हे जाडी बघून पुस्तक मागणं बंद कर बघू. पुस्तक म्हणजे सतरंजी नव्हे, लांबी-रुंदी सांगून घ्यायला. चांगल्या पुस्तकाची एकच खूण, की ते वाचून झाल्यावर आपण थोडे निराळे होतो. ती पातळ पुस्तकालाही लागू आहे. म्हणून सोबत दोन लहानशी पाठवते. एकात एका शिक्षिकेच्या आठवणी आहेत, दुसऱ्यात कथा. ही स्वतःसाठी वाच. नवऱ्याला गोळीबरोबर साखर द्यावी तसं वाचणं ही त्याची सेवा झाली, तुझं वाचन झालं नाही. मी ज्यासाठी एवढी धडपड करते आहे ते तुझ्या लक्षात येत नाही याचं वाईट वाटतं.

धोंडीरामना अशक्तपणा दिसतो. हमालीचं काम, वर खाण्याची हयगय. सुया घेऊ देत, पण अंडी आणि शेंगदाणे चालू कर. पुरुष माणूस आजारी पडला की लहान पोर होतं, फार लाड करू नकोस.

दुसरा भाग पहिल्याएवढाच आहे. पहिला परत आला की पाठवीन, नियम आहे.

सोजराक्का

*

करमाळा
१५ मे १९७७

ती. सोजराक्कास नमस्कार.

तुझी दोन्ही पुस्तकं मी उघडलीसुद्धा नाहीत. फळीवर तशीच आहेत. खोटं कशाला लिहू?

इकडं आनंद होता इतके दिवस. हे सुई चुकवत नाहीत. मंगळवारी, शुक्रवारी आडतीतले लोक विचारतात, 'काय धोंडीराम, आज हत्तीण कुटवर आली?' कारण हे दुसऱ्या दिवशी सगळं तिथं जाऊन सांगतात. हमाल ज्ञानबा तर एकदा थेट घरी ऐकायला आला. हत्तीण ओंडके ओढते ते प्रकरण वाचलं त्या संध्याकाळी हे म्हणाले, 'वझं उचलणाऱ्याला कुनी तरी असं लिवाय पायजे हुतं.' अंगानंही जरा भरले. मला वाटायला लागलं, की निभावलं.

पहिला भाग संपला. मालकानं हत्तीण लाकडाच्या ठेकेदाराला विकली, आणि शेवटच्या पानावर ती साखळदंड तोडून सर्कस शोधायला निघाली. तिथं पुस्तक संपतं! ह्यांनी मला पान उलटून दाखवायला लावलं. आता पुढचा भाग येईपर्यंत सुईला कसं धाडू, ही मला काळजी.

पण अक्का, पुस्तक परत बांधायला घेतलं आणि हात थांबला. तुला मी अर्धंच सांगितलं होतं. ह्यांना क्षय आहे. दोन वर्षांपूर्वीही तोच होता. हे पुस्तक ह्यांच्या उशाशी असायचं, चित्रं बघायला हे ते छातीवर घेऊन पडायचे, त्यावर खोकायचे. मी उन्हात ठेवायची, पुसायची, पण ते तुमच्याकडच्या बायका घरी नेणार, त्यांच्या मांडीवर लेकरं असणार. तुला न सांगता परत पाठवणं जमेना. आजाराचं नाव आधी सांगितलं असतं तर तू पुस्तक दिलंच नसतंस, अशी भीती होती. आता सांगितलं. काय करू ते कळव, आणि दुसरा भाग लवकर पाठव. गुरुवार जवळ आला.

तुझी वच्छला

*

सोलापूर
२८ मे १९७७

चि. वच्छलास,

तुझं पत्र वाचून दोन दिवस काही सुचलं नाही.

पहिला भाग परत पाठवू नकोस. जाळून टाक. माझ्याकडून हरवला असं मी नोंदवते. पण दुसरा भाग मला पाठवता येणार नाही. घरात संसर्गाचा आजार असेल तर पुस्तक द्यायचं नाही हा आमचा छापील नियम आहे, आणि तो बायकांना मीच वाचून दाखवते. परवा एक विडी कामगार बाई तान्ह्या मुलाला कडेवर घेऊन आली होती. पुस्तक निवडताना ते पोर पुस्तकाचा कोपरा चोखत होतं. ते बघितलं आणि तुझं पत्र आठवलं. वच्छे, माझ्या हातून हे होणार नाही.

तू म्हणशील, मग जुन्या बाजारातून विकत घे. शोधते आहे. मिळाली तर लगेच धाडते. तोवर दुसरं काही वाच. चांगली पुस्तकं काय एकच असतात? तू स्वतःची काळजी घे, ताट-तांब्या वेगळा ठेव. मी चुकते आहे असं वाटलं तर तसं लिही, पण लिही.

सोजर

*

सोलापूर
१४ ऑगस्ट १९७७

वच्छे,

अडीच महिने झाले, तुझं पत्र नाही. वीरभद्रप्पांना विचारलं तर म्हणाले, 'बाई स्टँडकडं दिसत न्हाईत.' मी दर रविवारी जुन्या पुस्तकांच्या गाड्या धुंडाळते. नव्या पेठेत एक म्हातारा बसतो, त्याला सांगून ठेवलंय. 'हत्तीवालं का सिंहवालं?' म्हणून विचारतो. त्याच्याकडे सिंहवालं आहे, ते मला नको.

धोंडीराम सुई घेतात का? एवढ्या एका शब्दाचं कार्ड टाक. बाकी मला काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन.

सोजराक्का

*

करमाळा
४ सप्टेंबर १९७७

ती. सोजराक्कास,

सुई चालू आहे. दुसरा भागही चालू आहे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मला तुझा फार राग आला. तू बरोबर होतीस, म्हणून जास्त आला. चुकली असतीस तर भांडता आलं असतं. पहिला भाग मी परसात जाळला, हे आणि आत्या घरात नव्हते तेव्हा. गुरुवार तोंडावर होता. सुईचं म्हणशील तर हे म्हणतच होते, 'पोथी संपली, आता कशापायी जायाचं?' मी माझं सातवीचं भूगोलाचं पुस्तक काढलं, त्याला तुझं लाल फडकं गुंडाळलं आणि पाटावर ठेवलं. म्हटलं, दुसरा भाग आला. ह्यांना अक्षर येत नाही, आत्यांना येत नाही. त्या गुरुवारी संध्याकाळी मी भूगोल उघडून बसले आणि तोंडाला येईल ते वाचायला लागले.

आता दिवसभर खुरपताना मनात जुळवते. हत्तीण चालत चालत कुठं येणार? मला जग कुठं माहीत आहे? तिला मी आपल्याच मुलखात आणलं. आडतीच्या आवारात आली, हमालांनी तिला गुळाची ढेप दिली, तराजूवर पाय ठेवून तिनं तो मोडला. ठेकेदाराची माणसं शोधत आली तेव्हा सगळ्यांनी मिळून तिला कडब्याच्या गंजीमागं लपवली. कमलाभवानीच्या बारवेत मी तिला पाणी प्यायला उतरवली, तर हे मधेच म्हणाले, 'हत्ती त्या पायऱ्या उतरंल व्हय? येडं हाय का पुस्तक लिवणारं? वरनं मोटंनं पाणी काढलं म्हन.' मी घाबरून पुढच्या ओळीत मोट लावली.

अक्का, कधी कधी असं होतं, की काय पुढं येणार ते मलाच माहीत नसतं आणि तरी ते येतं. आयुष्यात मला असं काही येत असेल असं वाटलं नव्हतं. आणि त्याच वेळी समोर हे खोकत असतात. आनंद वाटला की मला माझीच लाज वाटते.

वजन मात्र पुन्हा उतरलंय. कंपाउंडर म्हणतात, पावसाळ्यात असं होतं. हत्तीणवाली कादंबरी शोधू नकोस आता. शोधलीस तर मला सांगू नकोस.

वच्छला

*

करमाळा
५ डिसेंबर १९७७

ती. सोजराक्कास नमस्कार.

ह्यांच्या थुंकीत रक्त पडलं म्हणून मोठ्या दवाखान्यात नेऊन छातीचा फोटो काढला. तिथले डॉक्टर भले होते, मला खुर्ची दिली. म्हणाले, पहिल्यांदा अर्धवट सोडलं तेव्हाच हे औषध ह्यांच्या रोगाला पचलं. त्यानंतर घेतलेल्या सुयांचा उपयोग झाला नाही. दुसरी औषधं आहेत, पण ती देण्याइतकं आत काही राहिलेलं नाही. घरी न्या, खायला घाला, सुया बंद करा.

वर्षभर अक्का! सोमवार गेला नाही की गुरुवार गेला नाही. मी वाचलं, रचलं आणि ह्यांनी टोचून घेतलं, आणि ते सगळं पाण्यात गेलं.

घरी आल्यावर सोमवारी मी पाट मांडला नाही. सुई नाही तर कशाला? तर हेच म्हणाले, 'सुई ऱ्हायली, वाचायचं न्हाय व्हय?' मग थोड्या वेळानं म्हणाले, 'वच्छला, आता आटपतं घे. माज्यादेखत समाप्ती व्हऊ दे.'

मी आजवर गोष्ट लांबवतच आणली. आता संपवायची कशी ते येत नाही. एवढी माणसं तिच्यात घातली, ती कुठं ठेवू? आणि ज्याला मरण समोर दिसतंय त्याला माझं खोटं ऐकवून पाठवू का? मला खरा दुसरा भाग दे. वाचून झाला की जाळीन, तुझ्या कुठल्याच बाईच्या हातात जाणार नाही. यावर नियम सांगू नकोस.

वच्छला

*

सोलापूर
९ डिसेंबर १९७७

माझ्या वच्छे,

पुस्तक सोबत आहे. कपाटातून काढलं, पिशवीत टाकलं आणि समितीला सांगितलं की हाही भाग माझ्याकडून हरवला. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, 'आजकाल तुमचं लक्ष कुठं असतं?' हे मला मे महिन्यात करता आलं असतं. 'परत येणार नाही' एवढंच कबूल करायचं होतं. मला ते सुचलं नाही, कारण पुस्तक म्हणजे परत येणारी वस्तू एवढंच माझ्या डोक्यात बसलेलं. तुझ्या डोक्यावर सहा महिने गोष्टीचं ओझं दिलं आणि मी इकडे तुला बाराचा आकडा शिकवत होते.

पण एक सांगायला हवं. शेवट वाईट आहे. हत्तिणीला रेल्वेच्या फाटकाशी पकडतात, ती पुन्हा ओंडके ओढायला लागते आणि तिथेच बसते ती उठत नाही. सर्कशीतल्यांना ते कळतसुद्धा नाही. मी हे वाचलं तेव्हा माझं दुःख ताजं होतं, मला हे खरं वाटलं होतं. म्हणूनच तुला पहिलं हे पाठवलं, बघ माझी अक्कल. वाचायचं की नाही ते तू ठरव. मी रजा टाकते आहे, मिळाली की येते.

तुझी अक्का

*

करमाळा
२९ जानेवारी १९७८

ती. सोजराक्कास वच्छलाचा नमस्कार.

तू आलीस तेव्हा सगळं झालेलं होतं. घर माणसांनी भरलेलं, आपल्याला चार शब्द बोलता आले नाहीत. तू माझा हात धरून बसलीस तेवढं पुरलं. जे सांगायचं राहिलं ते आता लिहिते.

तू पाठवलेला दुसरा भाग मी सोमवारी वाचायला घेतला. छापलेलं, सरळ, माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. दोन पानं झाली असतील, ह्यांनी हात वर केला. 'ह्ये कुनाचं हाय?' मी म्हटलं, 'पुस्तकच आहे की, नेहमीचं.' तर म्हणाले, 'ह्ये न्हवं. आपलं वाच.'

मी विचारलं, आपलं म्हणजे? तर हसले. हसताना खोकला आला, मग थांबून थांबून म्हणाले, 'म्या पैल्याच दिशी वळखलं. पुस्तकात आमचा ज्ञानबा कसा येईल? शेटजीचा वाकडा तराजू कसा येईल?' मग बोलला का नाहीत, मी म्हटलं. 'बोललो आसतो तर तू थांबली आसतीस.' आणि सुई? गोष्ट खरी नाही हे माहीत असताना सहा महिने सुईला कशाला गेलात? म्हणाले, 'तू दिसभर राबून सांजंला माज्यासाटी येवढं रचायचीस, आन म्या सुई चुकवावी व्हय?'

अक्का, मी त्यांना बांधून ठेवलंय असं समजत होते. ते आपणहून बसून राहिले होते.

तुझं पुस्तक मी बंद केलं. हत्तीण सर्कशीत पोचली. तिच्या माहुतानं तिला कानावरून ओळखलं. ज्ञानबाला तंबूत फुकट बसवलं. दोन संध्याकाळींत सगळं आटोपलं, आणि आत्यांनी साखर वाटली. ह्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवली.

मला वाटलं होतं समाप्ती झाली की आता काही उरणार नाही, शांतपणे जातील. तसं झालं नाही. त्यानंतरही बरेच दिवस होते. हे डोळे मिटून पडायचे आणि दिवे लागले की विचारायचे, 'फुडं काय?' पुढं काही नव्हतं. मी सहा महिने रचलं, आणि त्या दिवसांत मला एक ओळ सुचली नाही. कपाळावर हात फिरवत बसायची. ते वाट बघायचे, मग झोपायचे. एका संध्याकाळी विचारलं नाही, म्हणून मी वाकून बघितलं.

तू जाताना उशाशी एक पुस्तक ठेवून गेलीस. म्हणालीस, वाचत राहा, मी त्यावरच तगले. तुझं ऐकायचं म्हणून काल ते उघडलं. पहिली दहा पानं वाचायची, तुझा नियम. पण मला मनात वाचायला येईना. आपोआप आवाज निघतो. हे ऐकताना मधून मधून 'बरं, मग?' म्हणायचे, त्यावर मी पुढं जायची. आता पानाच्या शेवटी थांबते आणि कुणी काही म्हणत नाही. आत्या दारातून बघतात आणि आत निघून जातात. पुस्तक चांगलं असेल. मला ते कळत नाही. तिसऱ्या पानापुढं मी गेले नाही.

सध्या काही पाठवू नकोस.

तुझी
वच्छला